डॉ. रफिउद्दीन अहमद

मुलांनो, दात दुखू लागला की तुम्ही दंतवैद्याकडे जाता. पण १९२० पूर्वी दंतवैद्यक शिकवणारे एकही महाविद्यालय भारतात नव्हते. ते डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले.

त्यांचा जन्म १८९० साली पूर्व बंगालमध्ये झाला. अलिगढला शिकून ते अमेरिकेला गेले व १९१५ साली दंतवैद्य झाले. तेथे काम मिळाले, तरी ते मायदेशी परतले. १९२० साली त्यांनी कलकत्त्यात महाविद्यालय सुरू केले. त्याचा खर्च भागवण्यासाठी शीतपेयांचे दुकान चालवले. विद्यार्थ्यांसाठी १९२८ साली पाठ्यपुस्तक लिहिले. एवढ्या कष्टाने उभारलेले हे महाविद्यालय १९४९ साली त्यांनी सरकारला देऊन टाकले!

१९६५ साली त्यांचे निधन झाले. आज त्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. मुलांनो, विद्या स्वतःपुरती ठेवू नका. ती इतरांनाही द्या.