देवगिरीचा राजा रामदेवराव

मित्रांनो, आपल्या गारखेड्याहून दौलताबादचा किल्ला फार लांब नाही. त्याचे जुने नाव देवगिरी. सातशे वर्षांपूर्वी तिथे यादवांचे राज्य होते. त्यांचा शेवटचा मोठा राजा रामदेवराव.

चुलता महादेवराव वारल्यावर त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला होता. इ. स. १२७१ मध्ये त्याला हटवून रामदेवराव राजा झाला. त्याच्या पदरी हेमाडपंत हा हुशार कारभारी होता. त्याच्याच काळात, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानेश्वरीत या राजाचे नाव आले आहे. राज्य सुखी होते.

पण १२९६ साली उत्तरेकडून अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. त्याच्याजवळ सुमारे आठ हजार घोडेस्वार होते असे सांगतात. त्या वेळी युवराज शंकरदेव मोठे सैन्य घेऊन बाहेर गेला होता. राजा किल्ल्यात शिरला. घाईघाईत पोती भरून वर नेली. उघडून बघतात तर काय, धान्याऐवजी मीठ! अशी गोष्ट सांगतात. मीठ खाऊन कोण लढणार?

शंकरदेव परत आला अन् शौर्याने लढला. पण दिल्लीची मोठी फौज मागून येते आहे अशी हूल उठली आणि त्याच्या सैन्याचा धीर सुटला. शेवटी राजाने सोने, मोती देऊन तह केला. दरसाल खंडणीही कबूल केली.

पुढे खंडणी थांबली. १३०७ साली मलिक काफूरने राजाला धरून दिल्लीला नेले. तिथे त्याला मानाने वागवून परत पाठवले. मग वारंगळ आणि द्वारसमुद्र या शेजारच्या राज्यांवर काफूर गेला, तेव्हा रामदेवरावाने त्याला मदत केली. शेजारी राजे एक झाले नाहीत, म्हणून एकेक करून सगळेच हरले.

रामदेवराव १३११ च्या सुमारास वारला. शंकरदेवाने खंडणी नाकारली. तो लढाईत मारला गेला. मग रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याने बंड केले. त्यालाही पकडून ठार मारले. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले.

देवगिरीचा किल्ला मजबूत होता, तो आजही उभा आहे. पण नुसता किल्ला राज्य राखत नाही. कोठारात धान्य लागते, सीमेवर पहारा लागतो आणि शेजाऱ्यांत एकी लागते.