कुष्ठजंतूचे शोधक डॉ. हॅन्सन

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या वनतालुक्यांत आजही आरोग्यसेवक घरोघरी फिरून बधिर चट्ट्यांचे रुग्ण शोधतात. ‘महारोग’ हा शब्द आता मागे पडला आहे. ‘कुष्ठरोग’ रूढ झाला आणि जगात अनेक ठिकाणी ‘हॅन्सनचा रोग’ हे नाव स्वीकारले गेले. ते ज्यांच्यावरून पडले, ते नॉर्वेचे डॉ. गेरहार्ड आर्मावर हॅन्सन.

२९ जुलै १८४१ रोजी बर्गन येथे त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय पदवीनंतर १८६८ मध्ये ते तेथेच डॉ. डॅनिएल्सन यांच्या हाताखाली कुष्ठरुग्णांवर उपचार करू लागले. डॅनिएल्सन हा रोग आनुवंशिक मानत. हॅन्सन यांना तो संसर्गजन्य वाटे. जानेवारी १८७३ मध्ये हॅन्सन डॅनिएल्सन यांचे जावई झाले. पुढच्याच महिन्यात, रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या नमुन्यात त्यांना काडीसारखे जंतू दिसले. त्याच वर्षी पत्नी क्षयाने गेली.

१८७९ मध्ये जर्मन संशोधक नायसर यांनी हॅन्सन यांच्याकडूनच नमुने नेले, ते रंगवून जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधावर हक्क सांगितला. वाद रंगला, श्रेय अखेर हॅन्सन यांना मिळाले. १८८० मध्ये जंतूला ‘बॅसिलस लेप्री’ म्हटले गेले. १८९६ मध्ये लेमान व नॉयमान यांनी त्याला क्षयाच्या जंतूसह ‘मायकोबॅक्टेरियम’ या नव्या प्रजातीत घातले. प्रजाती बदलली, तरी शास्त्रीय नावापुढे कंसात ‘हॅन्सन १८८०’ ही नोंद राहिली.

या कीर्तीला एक डागही आहे. जंतू प्रयोगशाळेत वाढेना, म्हणून संसर्ग सिद्ध करण्याच्या हट्टापायी हॅन्सन यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, कुष्ठाच्या गाठीतील द्रव्य टोचले. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. कुष्ठरोगविषयक मुख्य सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद मात्र राहिले. १८७७ व १८८५ च्या कायद्यांमागे त्यांचाच आग्रह होता. त्यानंतर नॉर्वेतील रुग्ण घटत गेले. पण त्या कायद्यांनी रुग्णांना सक्तीने वेगळेही ठेवले.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी हॅन्सन यांचे निधन झाले. जंतू कृत्रिम माध्यमात आजही वाढत नाही. बहुविध औषधोपचाराची शिफारस मात्र १९८२ मध्ये झाली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. रोग हा पूर्वजन्मीचे पाप किंवा घराण्याचा दोष नव्हे, हे हॅन्सन यांनी दाखवले. नमुन्यामागे माणूस असतो, हा धडा मात्र त्यांना न्यायालयाने दिला.