नालंदेचा विद्यार्थी : युआन श्वांग

परदेशगमनास राजाज्ञेने बंदी असताना भिक्खू युआन श्वांग चीनमधून गुपचूप भारताकडे निघाले. धर्मग्रंथांच्या चिनी भाषांतरांतील विसंगती त्यांना अस्वस्थ करीत होती. मूळ ग्रंथच वाचावयाचे, हा त्यांचा निर्धार होता. वाळवंट व हिमपर्वत ओलांडून ते नालंदा महाविहारात पोहोचले. तेथील वादसभेत बसू इच्छिणाऱ्या परदेशस्थांची परीक्षा द्वारावरच होई. प्रश्न विद्येचे असत आणि दहांपैकी सात-आठ जण परत जात. आत आलेल्यांना मात्र अन्नवस्त्राची चिंता नसे. सुमारे शंभर गावांचे उत्पन्न विहारास दिलेले होते. गावकरी रोज तांदूळ, तूप, दूध पोहोचवीत. (वसतिगृह चालविणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको.) वयोवृद्ध आचार्य शीलभद्रांनी त्यांना योगाचारभूमिशास्त्र शिकविले.

परतताना सिंधू नदीत काही हस्तलिखिते वाहून गेली. इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते छांगआनला पोहोचले आणि इ.स. ६६४ मधील निधनापर्यंत भाषांतरात गढून राहिले. शीलभद्र गेल्याची वार्ता कळताच त्यांनी नालंदेस शोकपत्र धाडले. सिंधूत गमावलेल्या ग्रंथांची यादी त्यासोबत जोडून त्यांच्या प्रती पाठविण्याची विनंतीही केली.