आर्थर केली : वकिली सोडून गणिताकडे

गणितात पुढे शिकून मुलाचे पोट भरेल का, असे पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात. प्रश्न रास्तच आहे. आर्थर केली यांच्या वडिलांपुढेही तो होता.

केली यांचा जन्म १६ ऑगस्ट १८२१ रोजी इंग्लंडमध्ये रिचमंड येथे झाला. वडील रशियात सेंट पीटर्सबर्गला व्यापार करीत. मुलाने आपल्याच धंद्यात यावे अशी त्यांची इच्छा होती. पण लंडनच्या शाळेतील गुरुजनांनी मुलाची बुद्धी ओळखली, त्याला केंब्रिजला पाठवा असे सुचविले, आणि वडिलांनी ते ऐकले. १८४२ मध्ये केली तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले आले.

तरी पोटाचा प्रश्न उरलाच. विद्यापीठात कायम राहायचे तर पाद्री व्हावे लागे. त्यांनी वकिली पत्करली. १४ वर्षे मालमत्तेचे दस्तऐवज तयार केले. मात्र गरजेपुरतेच काम घेत आणि उरलेला वेळ गणिताला देत. याच काळात त्यांनी दोनशेंहून अधिक शोधनिबंध लिहिले!

लंडनमध्ये त्यांची जेम्स सिल्व्हेस्टर यांच्याशी मैत्री जमली. सिल्व्हेस्टर ज्यू होते. इंग्लंडच्या चर्चची तत्त्वे मान्य असल्याची सही केल्याशिवाय केंब्रिज पदवी देत नसे, म्हणून परीक्षेत दुसरे येऊनही ते पदवीवाचून राहिले. ती त्यांना १८७२ मध्ये मिळाली. आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांना मॅट्रिक्स हे नाव १८५० मध्ये त्यांनीच दिले. त्यांच्या गुणाकाराचे शास्त्र केली यांनी १८५८ मध्ये मांडले.

हा गुणाकार घरातही करता येतो. थोरल्याला १० वह्या व २ पेने हवीत, धाकटीला ४ वह्या व ६ पेने. एका दुकानात वही ३० रुपयांना, पेन १० ला. दुसऱ्यात वही २८ ला, पेन १५ ला. मुलांची आडवी ओळ घ्या, दुकानाचा उभा स्तंभ घ्या, वहीला वहीने व पेनाला पेनाने गुणून बेरीज करा. थोरल्याचा खर्च ३२० किंवा ३१०, धाकटीचा १८० किंवा २०२. म्हणजे थोरल्याला दुसरे दुकान स्वस्त, धाकटीला पहिले! आता क्रम उलटा करून भावांचे कोष्टक आधी ठेवा. पहिलाच आकडा ४१२ निघतो, आणि तो कोणाचेच बिल नव्हे. साध्या संख्यांत क्रम बदलला तरी गुणाकार तोच येतो. इथे तसे नाही. विद्यार्थी नेमके येथेच गुण घालवतात.

१८६३ मध्ये केंब्रिजने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. वकिलीपेक्षा प्राप्ती कमी होती, तरी त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. त्याच वर्षी विवाह झाला. मुलींच्या उच्च शिक्षणासाठीही ते झटले. केंब्रिजच्या न्यूनहॅम या महिला महाविद्यालयाच्या कार्यकारी मंडळाचे ते अध्यक्ष होते.

२६ जानेवारी १८९५ रोजी ते वारले. १९२५ मध्ये जर्मनीत तरुण हायझेनबर्ग यांना अणूच्या अभ्यासात क्रम बदलताच बदलणारे चमत्कारिक गुणाकार भेटले. त्यांचे वरिष्ठ माक्स बोर्न यांना आठवले, हे तर आपण विद्यार्थी असताना शिकलेले मॅट्रिक्सचे गुणाकार!