मिठाचे कोडे आणि डॉ. अ‍ॅडिसन

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या अधिवृक्क ग्रंथींचे काम काय, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या निकामी झाल्या तर माणूस दगावतो, हे दाखवून दिले लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी.

न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन या गावी १७९३ मध्ये एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८१५ मध्ये एडिंबरोची वैद्यकीय पदवी घेऊन ते लंडनला आले आणि पुढे गाईजचेच झाले. मूत्रपिंडविकारांचे ख्यातनाम अभ्यासक रिचर्ड ब्राइट तेथे त्यांचे सहकारी होते. अ‍ॅडिसन यांचा विद्यार्थ्यांवर मोठा दरारा होता. मुळात मात्र हा माणूस संकोची. त्या संकोचालाच लोक गर्व समजत.

काही रुग्ण दिवसेंदिवस खंगत जात, नाडी क्षीण होई, अन्न पोटात ठरत नसे आणि त्वचा काळवंडत जाई. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळत, बऱ्याचदा क्षयाने पोखरलेल्या. अशा अकरा रुग्णांची हकीकत त्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केली. पॅरिसच्या त्रूसो यांनी या रोगाला अ‍ॅडिसन यांचेच नाव दिले. मायदेशी मात्र असा काही रोग आहे, हेच मानायला अनेक जण तयार नव्हते. नैराश्याने ग्रासलेल्या अ‍ॅडिसन यांनी १८६० मध्ये रुग्णालय सोडले आणि त्याच वर्षी २९ जून रोजी ब्रायटन येथे त्यांनी आपले जीवन संपवले.

हे रुग्ण का मरतात, याचे उत्तर त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते दडले होते मिठात. मूत्रपिंडे रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून दीड किलोच्या आसपास मीठ बाहेर येते आणि जवळजवळ सगळे परत रक्तात शोषले जाते. शेवटच्या थोड्या हिश्श्याचा निर्णय अधिवृक्क ग्रंथींतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करते. रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडण्याचा हुकूम देते. अ‍ॅडिसन यांच्या रुग्णांत हुकूम सुटत होता, पण तो पाळणारी ग्रंथीच उरली नव्हती. मीठ लघवीवाटे वाहून जाई, त्यापाठोपाठ पाणी, आणि रक्तदाब कोसळे.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कचे रॉबर्ट लोब यांनी अशा रुग्णांच्या रक्तात सोडियम कमी असल्याचे दाखवले. नुसत्या मिठानेही त्यांना उतार पडे. अल्डोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९५३ मध्ये, लंडनचे सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट आणि बासेलचे राइखश्टाइन यांच्या प्रयत्नांतून. आता त्याच धर्तीचे काम करणारी गोळी मिळते. कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारे औषध सोबत घेऊन अ‍ॅडिसनचा रुग्ण नोकरी-संसार सांभाळतो. कडक उन्हाळ्यात डॉक्टर त्याला थोडे जास्त मीठ खायला सांगतात.