स्फटिकांचे अंतरंग उलगडणारे धर्मगुरू : फादर रने ज्युस्त आवी

सौर पॅनेल असो वा मोबाइलची बॅटरी, वीज निर्माण होणे व साठणे हे पदार्थातील अणूंच्या मांडणीवर, म्हणजेच स्फटिकरचनेवर फार अवलंबून असते. या रचनेच्या शास्त्राचा पाया एका कॅथलिक धर्मगुरूंनी घातला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

रने ज्युस्त आवी यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजी उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात गरीब विणकराच्या घरी झाला. गावच्या मठातील उपासनेला नित्य हजर राहणारा हा मुलगा मठप्रमुखांच्या नजरेत भरला व त्यांच्या प्रोत्साहनाने पॅरिसला शिकावयास गेला. १७७० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते महाविद्यालयात शिकवू लागले.

एका स्नेह्याच्या संग्रहातील कॅल्साइटचा सहा बाजूंचा स्फटिक पाहताना तो फुटला, असे सांगतात. फुटलेल्या तुकड्याच्या कडा गुळगुळीत होत्या. फादरांनी तो आणखी फोडला, तेव्हा आतून तिरकस चौकटींचा एक ठोकळा निघाला. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या संग्रहातील निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइटही फोडले (संग्राहकाला हे किती जड गेले असेल!). प्रत्येकातून तोच ठोकळा निघाला. बाह्य रूपे अनेक असली तरी आतील घटक एकच असून तो विटांसारखा नियमाने रचला जातो, हा सिद्धान्त त्यांनी १७८४ च्या ग्रंथात मांडला. या विटांच्या जागी पुढे अणूंची पुनरावर्ती मांडणी आली आणि १९१२ मध्ये क्ष-किरणांनी तिचा पुरावा दिला. लिथियम बॅटरीत ज्या स्फटिकांच्या थरांमधून आयन ये-जा करतात, ते थर ओळखण्याची विद्या याच वाटेने आली आहे.

राज्यक्रांतीने ख्रिस्तसभेला राज्यसत्तेच्या अधीन करणारी शपथ धर्मगुरूंवर लादली. फादर आवींनी ती नाकारली. ऑगस्ट १७९२ मध्ये त्यांना पकडून सॅं फिर्मॅं सेमिनरीत कोंडण्यात आले. तेथेही ते आपले स्फटिक मांडून बसले! त्यांचे तरुण शिष्य जोफ्रुआ सॅंतिलेर यांनी धावपळ करून सुटकेचा हुकूम आणला, तर फादर म्हणे दुसऱ्या दिवसापर्यंत जागचे हलेनात. सप्टेंबरच्या आरंभी जमावाने त्या सेमिनरीत सत्तरहून अधिक जणांची हत्या केली. त्यांतील अनेकांना १९२६ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

स्वतःचा जीव असा वाचलेला असतानाही, १७९३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांना अटक झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत शपथ नाकारलेले हे धर्मगुरू होते. अर्ज फळला नाही. १७९४ मध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. अशा काळात त्या अर्जावर सही करणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तूरमलीन तापवल्यावर त्याच्या दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार येतो आणि ती टोके आकारानेही सारखी नसतात, हा विजेचा व रचनेचा संबंध फादरांनीच दाखवला. उष्णतेपासून वीज मिळविण्याच्या आजच्या एका संशोधनशाखेचा आधार हाच गुणधर्म आहे. १८०१ मध्ये त्यांचा खनिजशास्त्रावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे धाकटे बंधू व्हालांतॅं यांनी पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा काढली होती. पुढे लुई ब्रेल तेथेच शिकले.

जून १८२२ मध्ये पॅरिस येथे फादरांचे निधन झाले. स्फटिकांचे आकार समजावण्यासाठी त्यांच्या सिद्धान्तानुसार घडवलेले लाकडी नमुने हॉलंडमधील हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात जतन केलेले आहेत.