असमतोलातून स्थैर्य शोधणारे अभियंते गुस्ताफ द लावल

मिनिटाला ३०,००० फेरे घेणारे पोलादी चाक एकोणिसाव्या शतकात सुरक्षितपणे चालवून दाखवणारे स्वीडनचे अभियंते म्हणून डॉ. कार्ल गुस्ताफ पॅट्रिक द लावल यांचे नाव यंत्रशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. दुधातील साय वेगळी करणारे यंत्र आणि वाफेचे टर्बाइन हे त्यांचे दोन प्रमुख शोध. या दोन्ही शोधांच्या मुळाशी एकच प्रश्न होता, तो म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रभागाचा तोल कसा सांभाळावा. या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर त्या काळातील मान्य समजुतीच्या नेमके उलट होते.

द लावल यांचा जन्म ९ मे १८४५ रोजी मध्य स्वीडनमधील दालार्ना प्रांतात ऑर्सा येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे फ्रान्सचे. सतराव्या शतकात ते स्वीडनमध्ये स्थायिक झाले होते. स्टॉकहोम येथील तंत्रशिक्षण संस्थेतून १८६६ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर उप्साला विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले आणि १८७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. खाणी आणि लोखंडाच्या कारखान्यांत नोकरी करीत असतानाच त्यांचे लक्ष दुग्धव्यवसायातील एका जुन्या अडचणीकडे वेधले गेले.

त्या काळी दुधावर साय येण्यासाठी दूध पसरट भांड्यांत कित्येक तास स्थिर ठेवावे लागे. यात वेळ जाई, दूध आंबे आणि बरीचशी स्निग्धता दुधातच राहून जाई. जर्मनीत केंद्रोत्सारी बलाच्या साहाय्याने साय वेगळी करण्याचे प्रयोग सुरू झाले होते. परंतु त्या यंत्रात प्रत्येक वेळी दूध भरून ते फिरवावे लागे आणि नंतर थांबवून साय काढावी लागे. द लावल यांनी १८७८ मध्ये अखंड चालणारे यंत्र तयार केले. वेगाने फिरणाऱ्या पात्रात एका वाटेने दूध येत राही. जड असलेले साय निघालेले दूध पात्राच्या भिंतीकडे आणि हलकी साय आसाजवळ जमा होऊन दोन्ही स्वतंत्र वाटांनी बाहेर पडत. सुरुवातीच्या यंत्राची क्षमता ताशी सुमारे १३० लिटर होती. व्यावसायिक भागीदार ऑस्कर लाम यांच्यासह त्यांनी १८८३ मध्ये सेपरेटर नावाची कंपनी स्थापन केली आणि थोड्याच वर्षांत हे यंत्र अनेक देशांत पोहोचले.

मात्र, या यशातूनच नवा प्रश्न निर्माण झाला. सायीच्या यंत्राला मिनिटाला हजारो फेऱ्यांचा वेग आवश्यक होता, तर वाफेची इंजिने संथ गतीने चालत. मधल्या पट्ट्या आणि दंतचक्रे टाळण्यासाठी वाफेच्या झोतानेच थेट चाक फिरवावे, असा विचार द लावल यांनी केला. वाफेचा दाब पूर्णपणे वेगात रूपांतरित व्हावा यासाठी त्यांनी आधी निमुळते होत जाणारे व पुढे पुन्हा रुंदावणारे नोझल तयार केले. त्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग सेकंदाला हजार मीटरच्याही पुढे जाई. अशा झोताचा पुरेपूर उपयोग करायचा, तर चाकही विलक्षण वेगाने फिरणे भाग होते. ५ अश्वशक्तीच्या लहान टर्बाइनचे चाक सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे होते आणि त्याचा वेग मिनिटाला ३०,००० फेरे इतका होता.

याच ठिकाणी असमतोलाचा धोका उभा राहिला. चाक कितीही काळजीपूर्वक घडवले, तरी त्याचे वस्तुमानकेंद्र आसाच्या मध्यरेषेवर तंतोतंत येत नाही. धातूची घनता सर्वत्र सारखी नसते आणि यंत्रकामातही सूक्ष्म फरक राहतात. संथ चाकात हा दोष जाणवत नाही; मात्र वेग दुप्पट झाला की त्यातून उद्भवणारे बल चौपट होते. ३०,००० फेऱ्यांना चाकाच्या कडेवरील अवघ्या १ ग्रॅमचा फरक सुमारे ५० किलो वजनाइतका ओढा निर्माण करतो आणि या ओढ्याची दिशा सेकंदाला ५०० वेळा फिरते. अशा धक्क्यांपुढे कोणतेही बेअरिंग फार काळ टिकणे शक्य नव्हते.

प्रत्येक दांड्याला एक क्रांतिक वेग असतो. त्या वेगाजवळ दांड्याची कंपने झपाट्याने वाढतात. स्कॉटलंडचे अभियंते रँकिन यांनी १८६९ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार या वेगाच्या पलीकडे दांडा स्थिर फिरूच शकत नव्हता. त्यामुळे दांडा जितका जाड व ताठ, तितके यंत्र सुरक्षित, अशी धारणा रूढ झाली होती.

द लावल यांनी १८८९ च्या सुमारास ही धारणा बाजूला सारली. त्यांनी चाक जाड दांड्याऐवजी लांब, बारीक आणि लवचिक दांड्यावर बसवले. दांडा लवचिक असल्याने त्याचा क्रांतिक वेग खूप खाली आला. यंत्र सुरू होताच तो वेग त्वरेने ओलांडला जाई. त्या क्षणी कंपने वाढत. परंतु पुढे गेल्यावर ती कमी होत आणि चाक शांतपणे फिरू लागे. याचे कारण असे की, क्रांतिक वेगाच्या बऱ्याच पुढे गेल्यावर चाक दांड्याच्या मध्यरेषेभोवती न फिरता स्वतःच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागते आणि बारीक दांडा तेवढ्यापुरता वाकून त्याला वाट देतो. असमतोल नाहीसा होत नाही, पण तो बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही.

प्रयोगाने सिद्ध झालेल्या या गोष्टीचे गणित नंतर मांडले गेले. जर्मनीतील ऑगस्ट फोपल यांनी १८९५ मध्ये लावल यांच्या दांड्याचे विश्लेषण केले, तर १९१९ मध्ये जेफकॉट यांनी त्याचे अधिक सुस्पष्ट विवेचन केले. या विषयाच्या अभ्यासात वापरले जाणारे मूलभूत प्रारूप आजही लावल किंवा जेफकॉट यांच्या नावाने ओळखले जाते.

यंत्राच्या विश्वासार्हतेबाबतही द लावल यांची दृष्टी काळाच्या पुढे होती. केंद्राजवळचा ताण सर्वाधिक असल्याने त्यांनी चाक मध्यभागी जाड आणि कडेकडे पातळ होत जाणारे घडवले. कडेच्या किंचित आत मात्र त्यांनी मुद्दाम खाच ठेवून तेवढा भाग कमकुवत केला. वेग मर्यादेपलीकडे गेलाच, तर प्रथम कडेचे लहान तुकडे सुटावेत आणि मधला जड भाग फुटून जीवितहानी होऊ नये, असा त्यामागील हेतू होता. बिघाड कधीच होणार नाही असे गृहीत न धरता, तो झाल्यास हानी कमीत कमी कशी होईल, याची ही तजवीज होती.

शिकागो येथे १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे टर्बाइन मांडण्यात आले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेमुळे ते वर्ष भारतीयांच्या विशेष स्मरणात आहे. तथापि, त्यांच्या टर्बाइनची शक्ती काहीशे अश्वशक्तीपुरती मर्यादित राहिली. मोठ्या वीज केंद्रांसाठी इंग्लंडचे चार्ल्स पार्सन्स यांचे अनेक टप्प्यांचे टर्बाइन अधिक उपयुक्त ठरले.

द लावल स्वीडनच्या विज्ञान अकादमीचे आणि संसदेचेही सदस्य होते. त्यांच्या नावावर ९२ स्वीडिश पेटंटे असून त्यांनी ३७ कंपन्या स्थापन केल्याचे सांगितले जाते. गायी दोहण्याच्या यंत्रापासून विजेच्या भट्टीपर्यंत अनेक कल्पनांवर त्यांनी पैसा खर्च केला. त्यातील बहुतेक उपक्रम तोट्यात गेले. जगाला संपत्तीची नवी साधने देणाऱ्या या संशोधकाचे २ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोम येथे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर कर्जाचा भार होता. त्यांच्या नावाचे दूध काढणी यंत्र त्यांच्या मृत्यूनंतरच बाजारात यशस्वी झाले.

त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचा वारसा सांगणाऱ्या अल्फा लावल कंपनीचा कारखाना पुण्यात दापोडी येथे आहे. श्रीहरिकोटा येथून झेपावणाऱ्या रॉकेटच्या इंजिनांतही त्यांच्याच तत्त्वावरील नोझल असते.

भारतातील औष्णिक वीज केंद्रांची मोठी टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार टर्बाइनसाठी समतोलनाची जी २.५ ही प्रत ठरलेली आहे. या वेगाला तिचा अर्थ असा की, वस्तुमानकेंद्र आसापासून मिलिमीटरच्या सुमारे ८ सहस्रांश भागापेक्षा अधिक दूर असता कामा नये. म्हणजेच आजही असमतोल शून्य करता येत नाही. तो मोजून मर्यादेत ठेवला जातो. ही टर्बाइन सुरू होताना क्रांतिक वेग ओलांडून पुढे जातात आणि त्या क्षणी नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांची नजर कंपनमापकावर खिळलेली असते. त्या वेगापलीकडे यंत्र स्थिर राहू शकते, हा विश्वास सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी द लावल यांच्या बारीक दांड्याने दिला.